समृद्धी महामार्गावरील टायर सुरक्षा

समृद्धी महामार्गावरील टायर सुरक्षा या विषयात नागपूर–मुंबई द्रुतगती महामार्गावर दीर्घकाळ उच्च वेगाने धावणाऱ्या मोटारींच्या टायरची निवड, हवेचा दाब, वय, झीज, चाकांची जुळणी आणि प्रवासापूर्वीची तपासणी यांचा समावेश होतो. हा महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. या मार्गामुळे गावात व तालुक्यात फिरणाऱ्या लहान मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाने तासन्‌तास धावण्याची सोय प्रथमच झाली. टायर फुटण्यामागे बाहेरच्या उन्हापेक्षा टायरच्या आत निर्माण होणारी उष्णता अधिक कारणीभूत असते. ही उष्णता हवा कमी असल्याने, भार जास्त झाल्याने आणि वेग सलग राहिल्याने वाढते. जुने रबर ती सहन करू शकत नाही.

## महामार्ग आणि वर्धा जिल्हा

‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ हा ७०१ किमी लांबीचा सहापदरी मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यावर नागपूर ते ठाणे जिल्ह्यापर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. तो दहा जिल्ह्यांतून जातो.

वर्धा जिल्ह्यात या मार्गाची लांबी सुमारे ५८ किमी आहे. सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून तो पुढे अमरावती जिल्ह्यात प्रवेश करतो. येळाकेळी आणि विरूळ येथील आंतरबदल मार्गांवरून जिल्ह्यातील वाहने महामार्गावर चढतात व उतरतात. त्यापूर्वीही हिंगणघाटवरून जाणारा उत्तर–दक्षिण महामार्ग आणि कारंजा (घाडगे), तळेगाव यांवरून जाणारा नागपूर–अमरावती महामार्ग हे मोठे रस्ते जिल्ह्यात होते. मात्र त्यांवर गावे, चौक, बैलगाड्या व गुरे यांमुळे वाहनाचा वेग वारंवार कमी होई आणि टायरला थंड होण्यास आपोआप अवसर मिळे. समृद्धी महामार्गावर असा अवसर मिळत नाही. दुचाकी व तीनचाकी वाहनांना तेथे प्रवेश नाही. सपाट प्रदेशात लहान प्रवासी मोटारींसाठी ताशी १२० किमी, मोठ्या प्रवासी वाहनांसाठी १०० किमी आणि मालवाहू वाहनांसाठी ८० किमी अशी वेगमर्यादा आहे.

## शब्द आणि रचना

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती बसवलेल्या लोखंडी पट्ट्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित लहान ठेवला जाई. ती आगीत तापवून प्रसरण पावली की चाकावर चढवत आणि लगेच पाणी ओतत. आकुंचन पावताना धाव लाकडी चाकाचे सर्व भाग आवळून धरी. टायर हा शब्द मुळात अशाच लोखंडी पट्ट्यासाठी वापरला जात असे. हवा भरलेल्या रबरी टायरला व्यावहारिक रूप जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे दिले.

आजच्या मोटारीचा टायर एकजिनसी रबराचा नसतो. रस्त्याला टेकणारा नक्षीदार पृष्ठभाग म्हणजे ट्रेड. त्याखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यांच्याही आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या गेलेल्या धाग्यांचा थर असतो. अशा रचनेच्या टायरला रेडियल टायर म्हणतात. बाजूची लवचिक भिंत म्हणजे साइडवॉल, आणि रिमला घट्ट बसणारी तारयुक्त कड म्हणजे बीड. रबर, धागा व पोलाद हे तीन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून राहण्यावर टायरचे सामर्थ्य अवलंबून असते. टायर फुटण्याच्या अनेक घटनांत रबर फाटण्याआधी थरांमधील ही पकड सुटलेली असते.

मोटारीचे वजन प्रत्यक्षात टायरमधील हवा पेलते. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाच्या मोटारीत प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. हवेचा दाब ३३ पीएसआय असेल, तर रस्त्याला टेकणारा टायरचा भाग सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढा असतो. वळणे, थांबणे व वेग घेणे या सर्व क्रिया अशा चार तळहातांएवढ्या जागेवर अवलंबून असतात.

## टायर का तापतो

टायर फिरताना त्याचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि वर गेल्यावर पुन्हा गोलाकार होतो. रबर दाबताना दिलेली सर्व ऊर्जा ते परत देत नाही. काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आतच राहते. पदार्थविज्ञानात या गुणधर्माला शैथिल्य म्हणतात.

लहान मोटारीच्या १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६२ सेंमी व परिघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १२० किमी वेगाने हे चाक मिनिटाला सुमारे १,०२५ फेरे घेते. म्हणजे ट्रेडचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबतो व सुटतो. केवळ वर्धा जिल्ह्यातील ५८ किमी अंतरात अशी सुमारे ३० हजार आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात थोडी उष्णता निर्माण होते. निर्माण होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता समसमान झाली की टायरचे तापमान स्थिरावते.

हवा कमी असेल तर हा समतोल बिघडतो. टेकणारा भाग लांबतो, साइडवॉल अधिक वाकते आणि प्रत्येक फेऱ्यात जास्त उष्णता निर्माण होते. भार वाढल्यावरही हेच घडते. वेग वाढला की दर सेकंदाच्या आवर्तनांची संख्या वाढते. दबलेला भाग पूर्ववत होण्याआधीच पुन्हा रस्त्यावर येऊ लागला, तर टायरच्या मागील बाजूस लाटांसारखा आकार उमटतो. त्याला स्थिर तरंग म्हणतात. या अवस्थेत तापमान झपाट्याने वाढते आणि थोड्याच वेळात थर सुटू लागतात. हवा कमी असलेल्या टायरमध्ये ही अवस्था कमी वेगालाही येते.

वेगामुळे ट्रेडवर केंद्रापासून दूर खेचणारा ताणही येतो. वरील उदाहरणातील टायरच्या ट्रेडवरील दहा ग्रॅम वजनाचा तुकडा ताशी १२० किमी वेगाला सुमारे साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचला जातो. तापलेल्या व जुन्या रबराला हा ताण सहन करावा लागतो.

## टायरची निवड

टायरच्या साइडवॉलवर त्याची ओळख छापलेली असते. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या लेखनातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ म्हणजे उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक व ‘एच’ हे वेगचिन्ह होय.

भारांक थेट किलोग्रॅम दाखवत नाही. तो तक्त्यातील अनुक्रमांक असतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. ही एका टायरची कमाल क्षमता असून ती योग्य दाब असेल तरच लागू होते.

मोटारींच्या टायरवर सामान्यतः पुढील वेगचिन्हे आढळतात :

- एस – ताशी १८० किमी
- टी – ताशी १९० किमी
- एच – ताशी २१० किमी
- व्ही – ताशी २४० किमी

ही चिन्हे त्या वेगाने मोटार चालवण्याची परवानगी नव्हेत. प्रयोगशाळेत ठरावीक भार व दाब असताना टायरने केलेली चाचणी ती दर्शवतात. १२० किमीच्या मर्यादेसाठी ‘एस’ किंवा ‘टी’ चिन्हाचा टायर तत्त्वतः पुरेसा असतो. तरीही दुरुस्ती, वय व भार यांमुळे टायरची क्षमता कमी होत असल्याने निर्मात्याने सांगितलेल्या चिन्हापेक्षा खालच्या चिन्हाचा टायर बसवू नये.

हलक्या मोटारीच्या बाबतीत भाराचा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. सुमारे ९०० किलो वजनाच्या लहान मोटारीत पाच माणसे व सामान मिळून ४०० किलो वजन चढले, तर एकूण वजन जवळपास ४४ टक्क्यांनी वाढते. जड मोटारीत तेवढ्याच माणसांनी होणारी वाढ प्रमाणाने कमी असते. लग्नसराईत किंवा सुट्ट्यांत संपूर्ण कुटुंब व सामान घेऊन पुण्या-मुंबईकडे निघालेली लहान मोटार ही टायरच्या दृष्टीने रोजच्या मोटारीहून वेगळी मोटार असते.

शोभेसाठी मोठे रिम व कमी उंचीचे टायर बसवण्याची प्रथा आहे. अशा टायरची साइडवॉल आखूड असल्याने वळणावर मोटार नेमकी वागते, पण खड्ड्याचा आघात रिम व धाग्यांपर्यंत लवकर पोहोचतो. गावातील रस्त्यावर बसलेला असा आघात अनेकदा बाहेरून दिसत नाही आणि महामार्गावर उघडा पडतो. एकाच आसावर वेगवेगळ्या मापाचे, रचनेचे किंवा नक्षीचे टायर बसवणे टाळावे. दोनच नवे टायर घ्यायचे असल्यास ते मागील आसावर बसवावेत. मागच्या चाकांची पकड आधी सुटली, तर मोटार गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

भारतात मोटारीच्या टायरवर भारतीय मानक संस्थेचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे.

## हवेचा दाब

योग्य दाब मोटारीचा निर्माता ठरवतो. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधन टाकीच्या झाकणामागे किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. साइडवॉलवर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. ती भरण्याची शिफारस नसते. अनेक मोटारींच्या तक्त्यात रोजचा भार व पूर्ण भार यांसाठी दोन वेगळे आकडे असतात. पूर्ण भारासाठी मुख्यतः मागील टायरमध्ये अधिक हवा सांगितलेली असते. दूरच्या प्रवासाला हा दुसरा आकडा पाळावा.

निर्मात्याने दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. मोटार किमान तीन तास उभी असेल किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालली असेल, तरच टायर थंड समजतात. वर्धा शहरातून येळाकेळीपर्यंत येताना टायर तापलेले असतात. त्यामुळे महामार्गालगत मोजलेला दाब थंड टायरचा नसतो. दाब घरी, सकाळी निघण्यापूर्वी, स्वतःच्या मापकाने पाहणे श्रेयस्कर. तापलेल्या टायरचा दाब तक्त्यापेक्षा कमी आढळल्यास हवा अवश्य भरावी. तो जास्त आढळल्यास हवा सोडू नये.

### उन्हाळ्यातील गैरसमज

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटेल, म्हणून हवा तीन-चार पीएसआय कमी ठेवावी, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा व धोकादायक आहे.

बंद जागेतील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. ३० अंशांना ३३ पीएसआय हवा भरलेल्या टायरचे आतील तापमान ६० अंश झाल्यास दाब सुमारे ३७ ते ३८ पीएसआय होतो. सुस्थितीतील टायर या वाढीसाठीच घडवलेला असतो आणि तक्त्यातील आकड्यात ही वाढ गृहीत धरलेली असते. वाढलेल्या दाबाने टायर कमी वाकतो, त्यामुळे उष्णतेची निर्मितीही आटोक्यात राहते. मुद्दाम कमी हवा ठेवल्यास मात्र टायर जास्त वाकतो आणि अधिक तापतो. फुटू नये म्हणून योजलेला उपायच अशा रीतीने टायर फुटण्याचे कारण ठरतो.

वाटेत थांबून तापलेल्या टायरमधील हवा सोडण्याने अशीच हानी होते. ६० अंशांना ३८ पीएसआय दाखवणाऱ्या टायरमधील हवा ३३ पर्यंत उतरवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ३० अंशांना तोच टायर सुमारे २९ पीएसआय दाखवतो. परतीचा प्रवास मग कमी हवेवर होतो.

याउलट, मे महिन्यात भरलेली हवा हिवाळ्यापर्यंत पुरेल असेही समजू नये. ३० अंशांना ३३ पीएसआय असलेला टायर १२ अंशांच्या पहाटे सुमारे ३० पीएसआय दाखवतो. रबरातून हवा हळूहळू झिरपतही असते, त्यामुळे प्रत्यक्ष दाब आणखी कमी होतो. म्हणून दर पंधरवड्यास व प्रत्येक दूरच्या प्रवासापूर्वी दाब पाहावा.

### नायट्रोजन

साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध व कोरडा नायट्रोजन भरल्याने दाब थोडा हळू कमी होतो आणि आत बाष्प राहत नाही, एवढा त्याचा लाभ आहे. तापमानामुळे होणारी दाबवाढ त्याने थांबत नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये हवा कमी झाल्यास साधी हवा भरावी. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी दाबावर मोटार चालवू नये.

### सिमेंटचा रस्ता

समृद्धी महामार्गाचा पृष्ठभाग मुख्यत्वे सिमेंट काँक्रीटचा आहे. सिमेंटचा रस्ता जास्त तापतो व त्यामुळे टायर फुटतात, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात फिकट रंगाचे काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा कमी ऊन शोषते. काँक्रीटवर पकडीसाठी उमटवलेल्या रेषांनी ट्रेडची झीज होते, हे खरे. पण टायर फुटण्यामागे या मार्गावरील सलग वेग हाच रस्त्याच्या पृष्ठभागापेक्षा मोठा घटक आहे.

## शर्यतपथावरील पद्धत आणि तिची मर्यादा

स्वतःची मोटार शर्यतीविना बंदिस्त शर्यतपथावर चालवण्याच्या उपक्रमास ट्रॅक डे म्हणतात. भारतात ग्रेटर नोएडातील ५.१२५ किमी लांबीचे बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट व चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील सर्किट हे असे पथ आहेत. हलक्या क्रीडामोटारींचे टायर तेथे वेगळ्या रीतीने तयार केले जातात. त्या रीतीची माहिती चित्रफितींतून सर्वत्र पोहोचल्याने ती महामार्गावर वापरण्याचा मोह होतो.

शर्यतपथावर तीव्र वळणे व कडक ब्रेक यांमुळे टायर काही फेऱ्यांतच तापतो. म्हणून तेथे थंड दाबाऐवजी तापलेल्या टायरचा दाब निश्चित केला जातो. काही फेऱ्यांनंतर मोटार थांबवून तत्काळ दाब मोजतात आणि जादा हवा सोडतात. ट्रेडच्या आतल्या कडेचे, मधले व बाहेरच्या कडेचे तापमान सुई टोचून मोजतात. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी आहे, आणि एकच कड तापली असेल तर चाकाचा उभा कल बदलायला हवा, असा निष्कर्ष काढतात. साइडवॉलच्या कडेला खडूची रेघ ओढून ती कुठवर पुसली जाते, यावरूनही टायर किती लवंडतो ते समजते.

क्रीडामोटार हलकी असते. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसचे वजन अवघे सुमारे ७२५ किलो होते. एवढ्या हलक्या मोटारीवर अतिरुंद किंवा कठीण रबराचे टायर बसवल्यास ते पुरेसे तापत नाहीत व पकड धरत नाहीत. म्हणून तेथे मऊ रबराचे, कमी नक्षीचे टायर निवडतात. ते लवकर झिजतात आणि साचलेल्या पाण्यात निकामी ठरतात.

ही सर्व रीत तीन गोष्टींवर उभी असते : मोटारीत बहुधा एकटा चालक असतो, धाव पंधरा-वीस मिनिटांची असते आणि प्रत्येक धावेनंतर टायर तपासला जातो. महामार्गावर या तिन्ही गोष्टी उलट असतात. मोटार भरलेली असते, धाव तासांची असते आणि तपासणी क्वचितच होते. म्हणून शर्यतपथाकडून मापकाची शिस्त घ्यावी. हवा सोडण्याची रीत घेऊ नये.

## वय, झीज आणि दुरुस्ती

टायर न वापरताही जुना होतो. ऑक्सिजन, ऊन व उष्णता यांनी रबर कडक होते आणि त्यावर बारीक भेगा पडतात. साइडवॉलवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ या वर्षातील तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी बदलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. उष्ण प्रदेशात त्याआधीच बदल करणे हिताचे असते.

लहान शहरांतील मोटारी वर्षाला थोडेच किलोमीटर चालतात. त्यांच्या टायरची नक्षी सात-आठ वर्षांनीही ठळक दिसते, त्यामुळे मालकाला ते नवेच वाटतात. अशी मोटार एके दिवशी थेट सातशे किलोमीटरच्या प्रवासाला निघते. नक्षी किती उरली यावरून झीज कळते, वय कळत नाही. स्टेपनीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे लागते. ती मोटारीइतकीच जुनी असते आणि तिच्यातील हवा क्वचितच पाहिली जाते. काही मोटारींत मूळ टायरहून अरुंद स्टेपनी असते; तिच्यावर ताशी ८० किमीपेक्षा अधिक वेग घेऊ नये.

ट्यूबलेस टायरच्या ट्रेडमधील सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र दुरुस्त करता येते. बाहेरून रबरी दोरी घालून केलेली दुरुस्ती तात्पुरती समजावी. टायर रिमवरून उतरवून आतून लावलेले ठिगळ अधिक भरवशाचे असते, कारण त्या वेळी आतील इजाही दिसते. साइडवॉलचे छिद्र दुरुस्त करू नये. साइडवॉलवर फुगा आला असेल तर आतील धागे तुटलेले असतात आणि असा टायर ताबडतोब काढावा लागतो. हवा गेलेल्या अवस्थेत काही अंतर चाललेला टायर पंक्चर काढून पुन्हा वापरणेही धोक्याचे असते.

## चाकांची जुळणी

चाके परस्परांशी व रस्त्याशी योग्य कोनात असणे म्हणजे अलाइनमेंट. ती बिघडली की ट्रेड एका कडेने झिजतो आणि मोटार एका बाजूला ओढते. मोठा खड्डा बसल्यावर, नवे टायर बसवल्यावर किंवा सुकाणूचक्र सरळ असूनही मोटार ओढत असल्यास अलाइनमेंट तपासावी.

चाकाचे वजन सर्व बाजूंनी समान वाटले जाण्यासाठी रिमवर लहान वजने लावतात. यास बॅलन्सिंग म्हणतात. पंधरा इंची रिमच्या कडेवर दहा ग्रॅमचा फरक राहिल्यास ताशी १२० किमी वेगाला तो सुमारे दोन किलो वजनाइतक्या जोराने, सेकंदाला सतरा वेळा चाक हलवतो. गावातल्या वेगात न जाणवणारी थरथर महामार्गावर म्हणूनच जाणवते. अशी थरथर अचानक सुरू झाली, तर वजन निखळले असेल किंवा टायरचे थर सुटत असतील, असे समजून लगेच वेग कमी करावा.

## पावसाळा

नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण सात ते आठ मिलिमीटर असते. या खाचांतून पाणी बाजूला सारले जाते. नक्षी झिजली व रस्त्यावर पाणी साचले, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक निरुपयोगी होतात. अमेरिकेतील नासा या संस्थेत १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर झालेल्या अभ्यासातून यासाठी एक सूत्र मिळाले. त्यानुसार ३३ पीएसआय दाबाचा गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यात सुमारे ९६ किमी वेगाला आणि २५ पीएसआय दाबाचा टायर सुमारे ८३ किमी वेगाला तरंगतो. दोन्ही वेग १२० किमीच्या मर्यादेखाली आहेत. म्हणजे मुसळधार पावसात वेगमर्यादा पाळूनही मोटार ताब्याबाहेर जाऊ शकते. पावसाप्रमाणे वेग कमी करणे आवश्यक ठरते.

## नियम आणि तपासणी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. ट्रेडच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. ट्रेड त्यांच्या पातळीला आला की टायर बदलावा. आतील धागे उघडे पडलेला किंवा फुगा आलेला टायर वापरणेही नियमबाह्य आहे.

समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशस्थानांवर टायरची तपासणी सुरू केली. झिजलेले टायर असलेल्या वाहनांना परत पाठवण्यात आले आणि चालकांचे समुपदेशनही करण्यात आले. अशा तपासणीत झीज डोळ्यांना दिसते. कमी दाब, आतील इजा व जुने रबर मात्र सहज दिसत नाही. त्याची जबाबदारी वाहनमालकावरच राहते.

## अपघात आणि टायर

महामार्गावरील अपघातानंतर ‘टायर फुटला’ हे कारण प्रथम सांगितले जाते. ते नेहमीच खरे ठरत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे जाणारी खासगी शयनयान बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. त्यात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे चालकाने सांगितले होते. मात्र अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही.

सरळ, एकसुरी मार्गावर चालकाचे डोळे उघडे असूनही भान हरपण्याच्या अवस्थेला महामार्ग संमोहन म्हणतात. डुलकी व हे संमोहन यांवर टायरचा उपाय नाही. मात्र दर दीड-दोन तासांनी थांबल्यास चालकाला विश्रांती मिळते आणि टायरवर नजर टाकता येते. हवा कमी असलेला टायर इतरांपेक्षा अधिक तापतो. चारांपैकी एकच टायर हाताला जास्त गरम लागला, तर त्यातील दाब लगेच मोजावा.

## टायर फुटल्यास

उच्च वेगात टायर फुटला तर मोटार त्या बाजूला खेचली जाते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबणे किंवा सुकाणूचक्र झटक्याने फिरवणे टाळावे. चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरून मोटार सरळ ठेवावी, वेगवर्धकावरील पाय हळूहळू उचलावा आणि वेग पुरेसा उतरल्यावर डाव्या कडेच्या पट्टीत थांबावे. धोक्याचे दिवे लावावेत व मागे पुरेशा अंतरावर इशारा त्रिकोण ठेवावा. प्रवाशांनी मोटारीत किंवा तिच्या मागे न थांबता संरक्षक कठड्याच्या पलीकडे जावे. वाहत्या मार्गिकेलगत चाक बदलण्यापेक्षा मदत बोलावणे अधिक सुरक्षित असते. महाराष्ट्रात आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.